वाऱ्याची रांग

२४ नोव्हेंबर २०१५

दैनंदिनी लिहिण्याची मला हौस नाही. चौतीस वर्षं शाळेत रोजची टाचणं काढली, तेवढं एका जन्माला पुरे. पण काल संस्थेच्या सभेत माझ्या सहीचा एक अर्ज वाचून दाखवण्यात आला आणि त्यातला मजकूर मी पहिल्यांदाच ऐकला. सही माझीच. सप्टेंबरात डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्या आठवड्यात धर्मेश येऊन "बाय, इथं जरा, आणि इथं" म्हणत तीन सह्या घेऊन गेला होता. वाचल्याशिवाय सही करू नये, हे मी अख्ख्या गावाला शिकवलं. धर्मेशलाही मीच शिकवलं, सातवी ब.

यापुढे संस्थेच्या कामात मी काय पाहिलं आणि कशावर सही केली, ते इथे लिहीन. इतिवृत्तात सगळं 'सर्वानुमते' होतं. ते इतिवृत्तही मीच लिहिते.

संस्था म्हणजे तिवरपाडा महिला मासळी सुकवणी सहकारी संस्था. सभासद एकसष्ट, सगळ्या बायका. सचिव मी, कारण अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालेली आणि घरी रिकामी बसलेली गावात दुसरी कुणी नाही. चेअरमन संगिता. सभा चालवतो तिचा नवरा धर्मेश, दोन मोठ्या बोटींचा मालक. चेअरमन चहा देते.

अर्जात लिहिलंय की किनाऱ्यावर मासळी सुकवायला सिमेंटचा ओटा मिळावा, ही आम्हा महिलांची अनेक वर्षांची मागणी आहे. आम्हा महिलांची अनेक वर्षांची मागणी किनाऱ्यावर एक नळ आणि एक संडास अशी आहे. मी तसं बोलले.

धर्मेश म्हणाला, "बाय, नळाची स्कीम या वर्षाला नाय. ओट्याची हाय. सरकार ओटा देते तर ओटा घ्यायचा. नळ मागायला गेलो तर नळ नाय नि ओटा पण नाय."

सर्वानुमते लिहिलं.

९ डिसेंबर २०१५

खात्याचे अभियंता जागा पाहायला आले. दर दहा पावलांवर बूट काढून वाळू झाडत होते, त्यामुळे पाहणीला दोन तास लागले.

आमच्याकडे बोंबील बांबूंवर वाळतो. दोन बांबू उभे रोवायचे, त्यांच्यामध्ये आडव्या दोऱ्या, आणि दोन-दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून जोड्या दोरीवर टाकायच्या. याला वलांड म्हणतात. समुद्राकडची पहिली रांग ती वाऱ्याची रांग. तिथला माल दोन दिवसांत कडक होतो आणि पांढरा राहतो. मागच्या रांगांना चार दिवस लागतात. ही पहिली रांग ज्यांच्या घरात बोट नाही अशा बायकांना सोडायची, असा रिवाज आहे. सहा-सात जणी आहेत तशा. मालू त्यांतली. तिचा नवरा नऊ वर्षांपूर्वी दर्यात गेला. तिच्या वीस वलांडी आहेत. वाळलेला बोंबील डोक्यावर घेऊन ती जीपने कासाच्या बाजारात जाते आणि पाड्यांवरच्या लोकांना वाटे लावून विकते.

दुसराही एक रिवाज आहे. वाळूला 'माझी' म्हणायचं नाही. म्हटलं, की दर्या मोजणीला येतो.

साहेबांनी मालूला विचारलं, "ही जागा कोणाची?"

"कोणाची नाय." ती जोड्या अडकवत होती, मान वळवली नाही.

"तुमची नाही?"

"माझी कशी आसंल? दर्याची हाय."

"इथे कुणाचा हक्क, वहिवाट, दावा?"

"नाय, नाय, नाय." हे तीनदा, आणि समुद्राकडे बघत.

साहेबांनी 'निरंक' असं लिहिलं. मग मागच्या रांगांकडे वळले. तिथे संगिता उभी होती, इस्त्रीची साडी नेसून. "आमची, साहेब. सासऱ्यांच्या बापापासून वहिवाट." आदल्या रात्री पाठ करून घेतलं असावं, श्वास न घेता म्हणाली. तिथे वहिवाट लागली.

म्हणजे ओटा पहिल्या रांगेत. साक्षीदार म्हणून मी सही केली. या वेळी चष्मा लावून दोनदा वाचलं. विचारलं ते आणि सांगितलं ते तस्संच उतरवलं होतं. एक अक्षर खोटं नव्हतं.

१४ मार्च २०१६

ओटा मंजूर. चोवीस चौकोन पडतील. दहा टक्के लोकवाटा लाभार्थींनी भरायचा, म्हणजे चौकोनामागे अडीच हजार. ही अट मला पसंत आहे. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाही, हे मी शाळेतल्या फुकट वह्यांवरून पाहिलं आहे. वाटपाचे नियम मला करायला सांगितले. एका पानात बसवले. एक, लोकवाटा भरेल तीच पात्र. दोन, प्रत्येक महिला स्वतंत्र सभासद मानावी. नवरा, सासरा, चूल बघू नये. तीन, चौकोन दुसऱ्याला देता येणार नाही. दुसरा नियम लिहिताना मला स्वतःचा थोडा अभिमान वाटला.

संध्याकाळी मालू आली. उंबऱ्याबाहेर बसली.

"बाय, मी बसते तिथं बसायला मीच पैसे भरायचे?"

"तू साहेबांना काय सांगितलंस? तुझी नाही म्हणालीस."

"मंग काय म्हणायला हवं होतं?"

"खरं ते."

"खरं तेच म्हटलं ना."

अशिक्षित माणसाशी वाद घालू नये.

३१ मार्च २०१६

लोकवाट्याची मुदत संपली. मालू नऊशे घेऊन आली होती, बाकीचे दिवाळीपर्यंत देते म्हणाली. एकीला मुदत दिली की साठ जणींना द्यावी लागेल. नाही म्हटलं.

धर्मेशच्या घरातून पाच अर्ज: संगिता, तिची सासू, जाऊ वर्षा, आणि दोन चुलतजावा. एका चुलीवरच्या पाच स्वतंत्र महिला. नियम माझाच होता. स्वीकारले.

दुपारी मोजले तर तेवीसच भरले. चोवीस झाले नाहीत तर प्रस्ताव परत जातो. म्हणून चोविसावे अडीच हजार मी माझे भरले. मी मासळी सुकवत नाही, पण सार्वजनिक कामात कुणीतरी पदरमोड करावीच लागते.

१९ ऑक्टोबर २०१६

सात महिने खडीचा ढीग पडून होता. बोंबलाचा हंगाम लागला त्याच आठवड्यात ठेकेदाराला जाग आली. पहिल्या रांगेतल्या वलांडी त्याच्या माणसांनी उपटून एका बाजूला रचल्या. व्यवस्थित रचल्या, हे सांगायला हवं. मालू आणि बाकीच्या आपापले बांबू ओळखून तिवरांच्या मागे, खाडीच्या तोंडाला घेऊन गेल्या. तिथे वारा नाही. चिलटं आहेत.

२६ जानेवारी २०१७

लोकार्पण. ओट्यावर मांडव, मांडवात दीडशे खुर्च्या, खुर्च्यांवर डहाणूहून आलेली माणसं. 'महिलांचे सक्षमीकरण' या विषयावर अकरा पुरुष बोलले. संगिताला फीत कापायला कात्री दिली आणि धर्मेशने तिच्या हातावर हात ठेवून ती कापली.

चिठ्ठ्या टाकून चौकोनांचे नंबर दिले. मला अकरावा. समुद्राला लागून, सगळ्यात चांगला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

११ फेब्रुवारी २०१७

ओट्यावर पहिला बोंबील घातला. संगिता दुपारी हात नाकाशी धरून आली.

"बाय, चला बघायला. भाजी झाली."

खरंच झाली होती. बोंबलात पाणीच फार. वरून सुकला, खालून सिमेंटच्या गरमीनं शिजला आणि चिकटून बसला. उलथन्याने काढावा लागला. बोंबलाला चारी बाजूंनी वारा लागतो, हे सहा वर्षांची पोर सांगेल. अर्जात मात्र कुणी सांगितलं नव्हतं. सही माझी.

धर्मेश मुळीच चिडला नाही. "ओट्यावर जवळा वाळवायचा, बाय. एकदम मस्त वाळते. बोंबील कशाला?"

जवळा ही बारीक कोलंबी; तिला सिमेंट चालतं. ती टोपलीने येत नाही, बोट भरून येते. म्हणजे बोट हवी. बोटीला डिझेल हवं, आणि डिझेलवर सरकारचा परतावा आहे: जितकं जास्त जाळाल तितका जास्त. मालू डोक्यावर पाटी घेऊन जाते. तिला तेल लागत नाही, म्हणून परतावा नाही. सगळं तर्काला धरून आहे.

२ एप्रिल २०१७

जवळा छान वाळतो. अच्छाडवरून टेम्पो येतो, पोती भरून घेऊन जातो. धर्मेशने तिसऱ्या बोटीची चौकशी सुरू केली आहे.

१६ नोव्हेंबर २०१७

मालू सध्या संगिताच्या चौकोनांवर रोजाने जवळा पसरते. तिच्याबरोबर तलासरीकडच्या पाड्यावरची रूपीही असते. ती पहाटेच्या बसने येते. दोघींचे पाय ओट्यावर भाजतात, म्हणून गोणपाट बांधतात. आज पाहिलं.

माझा अकरावा चौकोन रिकामाच आहे. तो मालूला दिला, चालू भाड्याच्या निम्म्यात. भाडं म्हटलं तर नियम तीनचा भंग होतो, म्हणून पावतीवर 'देखभाल खर्च' लिहिलं. मालू "बरं बाय" म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर फारसा आनंद दिसला नाही. उपकाराची जाणीव हल्ली कमीच झाली आहे.

९ जानेवारी २०१८

मालूने अकरावा चौकोन परत केला. जवळा विकत घेऊन वाळवायला परवडत नाही, बोंबील त्याच्यावर शिजतो. दोन महिन्यांचा देखभाल खर्च मात्र चोख देऊन गेली.

२२ मे २०१८

वरून पत्र आलं: ओट्याच्या लाभार्थीची यशोगाथा पाठवा, फोटोसह. धर्मेशने संगिताला उभं केलं. फोटोवाला म्हणाला, "मॅडम लाभार्थी वाटत नाहीत. कोणी गरीब दिसणारं बोलवा ना." मग मालूला बोलावलं. गोणपाट सोडायला लावलं, हातात सूप दिलं. सूप संगिताचं, सुपातला जवळा संगिताचा, ओटा संगिताचा.

"हस ना जरा," संगिता म्हणाली.

"रोज धरशील ना पुरा?" मालूने विचारलं.

"धरीन गं. फोटोला पण रोज लावतेस?"

"अर्धा तास गेला माझा."

सगळे हसले. त्याच वेळी फोटो निघाला, त्यामुळे फार छान आला.

२५ मे २०१८

यशोगाथेला आकडे हवेत: ओट्याआधी आणि ओट्यानंतर सभासदांचं सरासरी मासिक उत्पन्न. ते काम माझं. तीन दिवस एकसष्ट जणींकडे फिरले. सरासरी साडेतीन हजारांवरून सव्वापाच हजारांवर गेली आहे. हिशेब दोनदा तपासला. बरोबर आहे.

मग उगाच, जुन्या सवयीने, आकडे चढत्या क्रमाने लावले. पाच जणींचं उत्पन्न कित्येक पटींनी वाढलंय. वीस-बावीस जणींचं जिथल्या तिथे. बाकी सगळ्या खाली गेल्या. मालू साडेचार हजारांवरून सव्वीसशेवर. सरासरी मात्र वर. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला हे होतं; मला त्या पेपरात अठ्ठावन्न गुण होते.

पत्रात जागा एकाच आकड्याची आहे. 'सरासरी' लिहिली. खोटं काय आहे त्यात?

२७ मे २०१८

झोप नीट लागत नाही. पित्त असावं.

१२ फेब्रुवारी २०१९

सातवा वेतन आयोग आम्हा निवृत्तांनाही लागू झाला. पेन्शन वाढलं, मागली थकबाकीही मिळणार. इन्व्हर्टर घ्यावा म्हणते.

मालू सुकट द्यायला आली होती. बँकेचा कागद टेबलावर होता. तिला वाचता येत नाही, पण माझा चेहरा वाचला असावा.

"काय आलं, बाय?"

"पेन्शन. वाढलं."

"किती वरसं मिळणार?"

"मरेपर्यंत."

तिने मान डोलावली. कौतुकानेच. "बरं हाय. नि त्याला लोकवाटा किती भरला?"

मी म्हटलं, मी चौतीस वर्षं नोकरी केली आहे. ती म्हणाली, "हां, ते हाय." आणि सुकटीचे पैसे घेऊन गेली. टोमणा नव्हता. खरंच विचारत होती. तिला टोमणे मारता येत नाहीत. ते मला येतात.

इन्व्हर्टर घेतला नाही. वीज हल्ली फारशी जात नाही.

१९ ऑगस्ट २०१९

पत्र: "आपल्या संस्थेची यशोगाथा व सरासरी उत्पन्नातील भरीव वाढ विचारात घेऊन ओट्याचा दुसरा टप्पा मंजूर करण्यात येत आहे." सोबत यशोगाथेची छापील प्रत. मालू पानभर हसते आहे.

जागा हवी आहे ती पुन्हा निरंक असलेली. गावात तशी एकच उरली: तिवरांमागची, खाडीच्या तोंडाची. मालू आणि बाकीच्या आता जिथे आहेत ती.

धर्मेश पेढे घेऊन आला. "बाय, तुमच्या आकड्यानं काम केलं, बरोबर ने?"

पेढा घेतला. खाल्ला नाही. मुंग्यांना सापडला.

२१ ऑगस्ट २०१९

मालू छापील पान घेऊन आली. कुणीतरी तिला दाखवलं होतं.

"ह्या फोटोनं माझे बांबू उपटणार म्हणतात. खरं?"

"फोटोने नाही. आकड्याने."

"तो कोणी दिला?"

"मी."

तिने पानाची घडी घातली. मग म्हणाली, "बाय, आता उपटले तर जायला जागा नाय. त्याच्या मागं रस्ताच हाय. रोजानं किती दिवस जवळा पसरू? जवळा चार महिने. बाकीचे आठ महिने मी कासाला काय घेऊन जाऊ?"

मी तिला सांगितलं की साहेब आले की 'ही जागा माझी' म्हणायचं. संगितासारखं. तीन शब्द आहेत. म्हणून दाखव. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. मी चौतीस वर्षं पाढे पाठ करून घेतले आहेत. एवढा मठ्ठपणा पाहिला नव्हता. शेवटी ती रडायला लागली. "नवरा नेलाय त्यानं, बाय. पोरगी हाय मला. नाय म्हणणार मी."

तिला पुन्हा म्हणायला सांगितलं नाही.

१३ नोव्हेंबर २०१९

पाहणी. अभियंता नवीन, बूट तेच. ही जागा कोणाची, या प्रश्नावर मालू म्हणाली, "बायला विचारा."

मी म्हटलं, "या सहा जणींची वहिवाट आहे. त्याआधी पहिल्या रांगेत यांचीच होती, पिढ्यान्‌पिढ्या. मी लहानपणापासून बघते."

"कागद?"

"कागद नाही. रिवाज आहे."

साहेबांनी पिशवीतून फाईल काढली, पान उलटलं आणि माझ्यापुढे धरलं. "मॅडम, दोन हजार पंधराच्या पाहणीत हक्क, वहिवाट, दावा, तिन्ही निरंक आहेत. साक्षीदार तुम्हीच ना?"

सही सुरेख आली होती.

"ते वेगळं होतं," मी म्हटलं.

"काय वेगळं होतं?"

वर्गात विद्यार्थ्याला असं विचारून मी अनेकदा उभं करून ठेवलं आहे. उत्तर येणार नाही हे ठाऊक असताना.

धर्मेश मदतीला आला. "बाय, टेन्शन नका घेऊ. मालूला मी बारमाही कामाला ठेवीन. माझा शब्द."

त्याचा शब्द खरा आहे, हीच तर गोष्ट आहे. तो वाईट माणूस नाही. सरकारने दार उघडलं, तो आत गेला. चौकट मी बसवली. सोळा सालच्या मार्चमध्ये चोविसावे अडीच हजार मी भरले, ते मालूच्या नावावर भरता आले असते. तिचे नऊशे होतेच. सोळाशेच कमी होते. हे मला त्या दिवशी सुचलं नाही. आज साडेतीन वर्षांनी किनाऱ्यावर उभ्या-उभ्या सुचलं.

२७ नोव्हेंबर २०१९

आशागडकडून चैत्या गवंडी बोलावला. आतल्या पाड्यांवरची माणसं देवाला आणि तहसीलदाराला सारखंच 'तू' म्हणतात. त्याने मलाही म्हटलं.

"काय फोडायचा तुला?"

अकरावा चौकोन दाखवला. तो उकिडवा बसला, पहारीच्या टोकाने सिमेंट वाजवून पाहिलं.

"चांगला हाय तो. कशाला फोडतीस?"

"आठ भोकं पाड. हातभर खोल. खाली वाळू लागेपर्यंत."

"सरकारचा हाय ना? पकडून नेतील तुला."

"मला नेलं तर पेन्शन चालू राहतं. तू पाड."

हे खरं आहे की नाही मला ठाऊक नाही, पण त्याला पटलं. दुपारपर्यंत आठ भोकं झाली. माल निकृष्ट असेल अशी माझी अपेक्षा होती. ठेकेदाराने या एका चौकोनात सिमेंट प्रामाणिकपणे घातलं होतं. पहार दोनदा वाकली.

संगिता धावत आली. "बाय, डोकं फिरलं काय तुमचं?"

"दुरुस्ती चालू आहे. ओटा मासळी सुकवायला आहे आणि याच्यावर बोंबील सुकत नाही."

मालू तिच्या मागून आली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. पहारीचा आवाज गेला असेल. भोकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिवरांकडे गेली आणि दोन खेपांत आठ बांबू घेऊन आली. रूपीने धरायला हात लावला. आठ बांबू, म्हणजे चार वलांडी. तिच्या वीस होत्या.

भाडं घेणार नाही असं सांगितलं. तीही 'बरं बाय' म्हणाली नाही.

२९ नोव्हेंबर २०१९

शासकीय मालमत्तेच्या नुकसानीबद्दल अकराव्या चौकोनाच्या धारकाला नोटीस द्यावी, असं चेअरमनने कळवलं. नोटीस देण्याचा अधिकार सचिवाचा. मी मला नोटीस दिली, पोच घेतली, आणि सात दिवसांत खुलासा मागितला. खुलासा त्याच दिवशी दिला. असमाधानकारक वाटला.

८ डिसेंबर २०१९

विशेष सभा. एकसष्टपैकी चव्वेचाळीस हजर. मी खुलासा वाचला आणि सोबत गेल्या वर्षी मे महिन्यात केलेली, खात्याला न पाठवलेली यादी वाचली: एकसष्ट नावं, आधीचं उत्पन्न, नंतरचं उत्पन्न, चढत्या क्रमाने. प्रत्येकीला आपला आकडा ठाऊक होता. शेजारणीचा नव्हता.

धर्मेश म्हणाला, "बाय, हे वाचायची काय गरज होती?"

मागून एकीचा आवाज आला, "गरज होती." कोणीच कबूल करेना की तो आपला.

पण कर्ज धर्मेशकडून, रोज धर्मेशकडे, आजारी माणूस कासाच्या दवाखान्यात न्यायला गाडीही धर्मेशची. मला सचिवपदावरून काढण्याच्या ठरावाला एकोणतीस हात वर झाले. विरोधात नऊ. बाकीच्या हात मांडीवर ठेवून बसल्या. मालूचा हात नऊमध्ये होता. हात वर करताना ती संगिताकडे बघत नव्हती. उद्यापासून तिला रोज मिळणार नाही.

दुसऱ्या टप्प्याचं काम फेब्रुवारीत सुरू होईल. ते थांबलं नाही. यादीची एक प्रत मी खात्याला आणि एक पालघरच्या जिल्हा कार्यालयाला नोंदणी पोस्टाने पाठवली आहे. पोच येईल. उत्तराचं सांगता येत नाही.

इतिवृत्त शेवटचं मी लिहिलं. 'सर्वानुमते' न लिहिता आकडे लिहिले.

१४ डिसेंबर २०१९

नवीन सचिव वर्षा, धर्मेशची भावजय, बी.कॉम. मुलगी नीटनेटकी आहे. प्रत्येक वस्तू बघून मगच खूण करत होती. मला आवडलं. दफ्तराचा भार दिला, तो असा:

१. संस्थेचा शिक्का, एक. शाईपॅड, एक, सुकलेलं.

२. इतिवृत्ताच्या वह्या, तीन.

३. सभासद नोंदवही, एक.

४. ओट्याच्या मूळ अर्जाची प्रत, सचिवाच्या सहीची.

५. पाहणी अहवालांच्या प्रती, २०१५ आणि २०१९. पहिल्यावर साक्षीदाराची सही, दुसऱ्यावर साक्षीदाराची हरकत, वेगळ्या कागदावर, टाचणी लावून.

६. उत्पन्नाची यादी, एकसष्ट नावांची. 'ही कुठल्या फाईलला लावू?' असं वर्षाने विचारलं. यशोगाथेच्या फाईलला लावायला सांगितलं. तिने लावली.

७. पावती पुस्तक, एक. त्यातल्या 'देखभाल खर्च' या दोन पावत्या रद्द, रक्कम मालूला परत, तिचा अंगठा मागच्या बाजूस.

८. चौकोन क्रमांक अकरा. धारकाने राजीनामा दिलेला नाही. चौकोन दुसऱ्याला देता येत नाही, त्यामुळे परतही घेता येत नाही. वर्षाने नियम वाचला आणि मान्य केलं. प्रत्यक्ष पाहणीनंतर तिने पुढे शेरा लिहिला: 'नादुरुस्त. भोकं आठ.'

त्या वेळी तिथे मालूचे अंदाजे दोनशे जोड बोंबील वाळत होते. त्यांची नोंद यादीत घेतली नाही.

भार दिला: हेमांगी. भार घेतला: वर्षा. वेळ सकाळी साडेअकरा. वारा चांगला होता.